आधी बोल्टच्या आतले ग्रीस काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवान्यावर घेतलेली जुनी लष्करी रायफल हाती आली, की बहुतेक जण आधी तिचे रूप उजळायला बसतात. दस्ता घासून चकचकीत होतो, नळी बाहेरून काळीभोर दिसू लागते आणि बोल्टच्या, म्हणजे मागे-पुढे सरकून नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या पोलादी दांड्याच्या, पोटातले कित्येक दशकांचे घट्ट ग्रीस मात्र तसेच राहते. शिवाय पेट्रोलने धुवा, पोलादी तारेच्या ब्रशने खरवडा, दस्त्याला पॉलिशपेपर मारा, असे सल्ले सर्रास दिले जातात. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि पहिला तर जीवघेणा आहे. म्हणून हे काम घरच्या घरी नीट कसे करावे, ते थोडे सविस्तर लिहितो.

कॉस्मोलिन या नावाने ओळखले जाणारे हे गंजरोधक खनिज तेलापासून बनते. मुळात ते व्हॅसलीनच्या जातीचे. वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे पिवळट-तपकिरी, मेणासारखा कडक थर उरतो. या थरामुळेच पोलाद इतकी वर्षे गंजले नाही, त्यामुळे त्याच्याविषयी राग नको. ते वितळते साधारण 45 ते 52 अंश सेल्सिअसला. सोव्हिएत शस्त्रागारांत वापरलेले तोफांचे ग्रीस थोडे चिवट असते, त्याला साठच्या आसपास तापमान लागते. उकळते पाणी या दोन्हींना पुरून उरते. थंड असताना कितीही चिंध्या वापरल्या तरी ग्रीस नुसते इकडचे तिकडे सरकते. उष्णतेनेच ते खऱ्या अर्थाने सुटते.

सुरुवात तपासणीने करावी. बोल्ट मागे घ्या, मॅगझिन रिकामे आहे ना पाहा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, बोट घालून चाचपा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. ग्रीसच्या गोळ्याखाली काडतूस दडलेले असू शकते. काम चालू असेपर्यंत त्या खोलीत एकही काडतूस ठेवू नका. मग रायफल सुटी करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्क्रूड्रायव्हरचे पाते खाचेत अगदी घट्ट बसणारे हवे, नाहीतर स्क्रूचे डोके कुरतडले जाते आणि ते पुन्हा कधीच नीट दिसत नाही.

सुटे करण्याच्या क्रमाला काही रायफलींत फार महत्त्व असते. ली-एन्फिल्ड या ब्रिटिश रायफलीच्या नंबर 1 मार्क 3 नमुन्यात मागचा दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब, स्क्रूसारख्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता तो फिरवला, की लाकूड मागच्या बाजूने उभे चिरते. म्हणून आधी पुढचे लाकूड, मग मागचा दस्ता. एकाहून अधिक रायफली एकाच वेळी साफ करत असाल तर त्यांचे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. बोल्ट आणि चेंबर यांच्यातले अंतर प्रत्येक रायफलीला जुळवून घेतलेले असते. बोल्टची अदलाबदल झाली तर काडतुसाचे कवच फाटू शकते.

आता मुख्य धुणे. स्वयंपाकात पुन्हा न वापरायचे पसरट पातेले घ्या. त्यात पाचेक लिटर पाणी उकळून चमचाभर भांडी धुण्याचा द्रव घाला. जाड ग्रीस लाकडी पट्टीने आधीच खरवडून घेतले तर पाणी लवकर खराब होत नाही. पोलादाचे सुटे भाग तारेत ओवून 10 ते 15 मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा. ग्रीस सुटून वर तरंगेल. इथेच बहुतेकांचे चुकते: भाग थेट वर ओढले, की तरंगणारा थर त्यांच्यावर पुन्हा बसतो. आधी तो थर जुन्या पळीने काढून टाका, मग भाग उचला आणि दुसऱ्या पातेल्यातल्या स्वच्छ उकळत्या पाण्यात बुडवून काढा. शंभर अंशांनी पोलादाला दिलेल्या कडकपणाला किंवा निळ्या-काळ्या लेपाला काही होत नाही. ब्लोलॅम्पच्या ज्योतीने मात्र स्प्रिंगची लवचिकता जाते आणि डाक लावून बसवलेली माशी (नेम धरण्याचा पुढचा खुंट) निखळू शकते.

चांगले तापलेले पोलाद बाहेर काढल्यावर स्वतःच्या उष्णतेनेच वाळते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि एका बाजूने बंद असलेल्या भोकांत पाणी राहते, ते फुंकून किंवा पंपाच्या हवेने उडवा. त्यानंतर चहाला जायचे नाही. उघडे पडलेले पोलाद थोड्याच वेळात तांबूस होऊ लागते, म्हणून भाग गरम असतानाच पाणी हटवणारे तेल फवारा आणि गार झाल्यावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. तांबूस छटा आलीच तर तेलात भिजवलेले कापड पुरते. व्हिनेगर किंवा गंज काढण्याचे आम्ल लावू नका. ते गंजाबरोबर निळा-काळा लेपही खाते.

नळी पातेल्यात मावत नाही. लाकूड पूर्ण काढल्यावर ती तोंड खाली करून बादलीत उभी धरा आणि चेंबरच्या बाजूने रबरी नळी जोडलेल्या नरसाळ्यातून दोन-तीन लिटर उकळते पाणी सावकाश ओता. हातात जाड मोजे हवेतच, कारण नळी क्षणात तापते. मग नळीच्या मापाचा कांस्य तारांचा ब्रश आणि त्यामागून कापडाचे तुकडे, तुकडा स्वच्छ निघेपर्यंत. नळीत ग्रीसचा गोळा राहिला आणि गोळी झाडली, तर दाब भलताच चढतो आणि नळी फुगू शकते.

उकळणे जमत नसेल तर मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल वापरा. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात अर्धा लिटर पुरते, सुटे भाग त्यात रात्रभर बुडवून ठेवायचे. काम उघड्यावर, नायट्राइलचे हातमोजे घालून. हे द्रव कधीही तापवायचे नाहीत आणि उकळत्या पाण्याजवळ आणायचे नाहीत. पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. पाण्याच्या गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही त्याची वाफ पेटण्याइतकी दाट असते. ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाऊन दूरच्या शेगडीवर किंवा स्विचच्या ठिणगीवर पेट घेते. ब्रेक साफ करण्याचा स्प्रेही जपून वापरावा. त्याच्या क्लोरीनयुक्त प्रकारापासून जास्त उष्णतेत विषारी वायू तयार होतो. शिवाय अशा कोणत्याही द्रवाने पोलाद अगदी कोरडे पडते, म्हणून तेल ताबडतोब लावावे लागते.

बोल्ट हा या कामाचा गाभा आहे. सिमोनोव्हच्या एसकेएस या, गोळी झाडली की पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीत सुरुवातीचे सोव्हिएत नमुने सोडले तर फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आदळून ते उडवणाऱ्या सुईला) परत ढकलणारी स्प्रिंग नसते. पिन आपल्या खोबणीत मोकळी सरकते. खोबणीतल्या घट्ट ग्रीसने पिन पुढच्या स्थितीत अडकली, तर बोल्ट बंद होताना तिचे टोक प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, आदळते आणि चाप न ओढता गोळी सुटते. पुढचा बोल्टही तसाच बंद होतो, पुढची गोळीही तशीच सुटते, आणि मॅगझिनमधली दहाही काडतुसे संपेपर्यंत हे थांबत नाही. नागरी काडतुसांचे प्रायमर लष्करी प्रायमरहून नरम असतात, त्यामुळे धोका आणखी वाढतो. म्हणून बोल्टमधली आडवी पिन ठोकून फायरिंग पिन बाहेर काढलीच पाहिजे. बोल्ट न खोलता वरून स्प्रे मारणे पुरत नाही. खोबण उकळत्या पाण्याने धुवा, बारीक ब्रश आणि कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसा आणि कोरडी ठेवा. तिथे जाड तेल किंवा नवे ग्रीस लावायचे नाही. जोडल्यावर बोल्ट कानाशी धरून हलवा: पिन दोन्ही दिशांना स्पष्ट खडखडली पाहिजे. आवाज दबका आला तर पुन्हा खोला. मैदानावर पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे भरावीत.

मोसिन-नागां या रशियन रायफलीचा बोल्ट अवजारांशिवाय बराचसा सुटतो. फायरिंग पिन मात्र आट्यांनी बसवलेली असते आणि तिची लांबी त्या आट्यांवरच ठरते. काढण्यापूर्वी मागच्या टोकावरची खूण कुठे आहे ते पाहून ठेवा. साफ करून बसवल्यावर रायफलीसोबत येणाऱ्या अवजाराच्या 75 आणि 95 आकड्यांच्या खाचांनी पिनचे बाहेर आलेले टोक तपासा. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत आहेत, म्हणजे साधारण 1.9 ते 2.4 मिलिमीटर. टोक जास्त बाहेर आले तर प्रायमरला भोक पडून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. कमी आले तर काडतूस उडतच नाही.

याच रायफलीचा बोल्ट काही गोळ्यांनंतर उघडत नाही, हाताच्या तळव्याने ठोकावा लागतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण पुष्कळदा चेंबरमध्ये असते. तिथला ग्रीसचा पातळ कडक थर नळी तापल्यावर चिकट होतो आणि कवचाला धरून ठेवतो. नळीच्या मापाचा ब्रश चेंबरमध्ये सैल पडतो, त्याचा काही उपयोग नाही. चेंबरच्या व्यासाचा मोठा कांस्य ब्रश मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून फिरवा, मग कोरड्या कापडाने पुसा. बोल्टचे कान ज्या खाचांत अडकतात त्या चेंबरच्या मागे लपलेल्या असतात. तिथपर्यंत वाकवलेल्या काडीनेच पोहोचता येते. चेंबर शेवटी कोरडे हवे. तेलकट चेंबरमध्ये कवच भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. एसकेएसची गॅस ट्यूब आणि पिस्टन (झाडलेल्या गोळीच्या वायूने बोल्ट मागे ढकलणारे भाग) हेही कोरडेच ठेवा, तिथले तेल जळून काजळीचा कडक थर बसतो.

लाकडाला घाई अजिबात चालत नाही. आधी त्यावर काय आहे ते ओळखा. ली-एन्फिल्डवर सहसा जवसाचे तेल असते, सोव्हिएत रायफलींवर लाखेचा चकचकीत लालसर थर असतो. तेलाचा दस्ता शोषक कागदात गुंडाळून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कडक उन्हात ठेवा. लाकडाला घामासारखे ग्रीस सुटते. दर एक-दोन तासांनी कागद बदला आणि असे अनेक दिवस, कागद जवळजवळ कोरडा निघेपर्यंत करा. हट्टी काळ्या डागांवर खडूची बारीक पूड आणि मिनरल टर्पेंटाइन यांचा जाडसर लेप द्यावा. वाळला की ब्रशने झटकावा. लाखेला मात्र उष्णता, उकळते पाणी आणि स्पिरिट तिन्ही वर्ज्य. तो दस्ता बाहेरून मिनरल टर्पेंटाइनच्या कापडाने पुसावा, त्याने लाख विरघळत नाही. आतल्या खोबणींना केस वाळवण्याच्या यंत्राची हवा पुरते.

दस्ता भांडी धुण्याच्या यंत्रात घालणे, भट्टीत तापवणे किंवा पॉलिशपेपरने घासणे हे त्याचे कायमचे नुकसान आहे. लाकूड फुगते, चिरते, धातूशी बसलेली सांगड सैल होते आणि शस्त्रागाराचे दाबलेले शिक्के पुसले जातात. त्या शिक्क्यांतच रायफलीचा इतिहास असतो. एकदा गेले की कोणत्याही किमतीला परत मिळत नाहीत.

शेवटी जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि चिंध्या आपोआप पेटतात. त्या बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. ग्रीसचे गरम पाणी मोरीत ओतू नका, ग्रीस पाइपात गार होऊन थिजते. पातेले गार झाले की वरची साय उचलून कागदात गुंडाळा. वापरलेले रॉकेल आणि टर्पेंटाइन घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.

इतके केल्यावरही पहिल्या काही वेळा नळी तापली की लाकडाच्या फटीतून तपकिरी थेंब झिरपतात. त्यात बिघाड काही नाही, पुसत राहावे. मात्र त्या दिवशी घरी आल्यावर चेंबर आणि बोल्टची खोबण पुन्हा एकदा तपासावी, कारण झिरपलेले ग्रीस तिथेच जाऊन बसते.

आपला,
एक वाचक