फोन उचलतं कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेची 2024 ची अध्यक्षपदाची निवडणूक झाली, कमला हॅरिसना हरवून ट्रम्प आले, त्यावर लिहायला बरेच जण बसलेत, माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. सप्टेंबरपासून आपल्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी पोलची, म्हणजे मतदारांना आधीच कौल विचारणाऱ्या पाहणीची, चौकट यायची, हॅरिस 2 टक्क्यांनी पुढे, मग ट्रम्प 1 टक्क्याने पुढे, जणू वनडेचा स्कोअर चाललाय. किती लोकांना विचारलं, कुठल्या राज्यात, कधी, काही पत्ता नाही. हजारेक लोकांच्या पोलमध्ये प्रत्येकाचा आकडा 3 टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो आणि दोघांतला फरक जवळजवळ त्याच्या दुप्पट, मग 2 टक्क्यांची आघाडी ही बातमी झालीच कशी? बरं तिथे देशभरच्या मतांवर अध्यक्ष ठरतही नाही, राज्याराज्यांना वाटून दिलेल्या 538 इलेक्टोरल मतांपैकी 270 लागतात, 2016 ला हिलरी क्लिंटनबाई ट्रम्पपेक्षा 28 लाखांवर जादा मतं घेऊनही घरी बसल्या.

माझी भाची पेनसिल्व्हेनियात असते, तिथली सिटिझन आहे. तिला विचारलं तुला कोणी पोलवाल्याने गाठलं का, तर म्हणाली, "मामा, रोज फोन येतात, अनोळखी नंबर मी उचलतच नाही." झालं! प्यू रिसर्च ही सर्व्हे करणारीच संस्था, तिनेच सांगितलंय की त्यांच्या फोन पोलला 1997 ला 36 टक्के प्रतिसाद मिळायचा तो 2018 ला 6 टक्क्यांवर आला. म्हणजे शंभरातले 94 गप्प, आणि बोललेल्या सहांना वय, शिक्षण, वंश यांचं वजन लावून, म्हणजे ज्या गटाची उत्तरं कमी आली त्यांचं उत्तर जास्त धरून, उरलेल्यांचा अंदाज बांधायचा. यात लबाडी नाही, वजन लावावंच लागतं, 2016 ला राज्यांच्या बऱ्याच पोलमध्ये शिक्षणाचं वजन लावलंच नव्हतं आणि कॉलेज शिकलेले लोक पोलला जास्त उत्तरं देतात, मिशिगन-विस्कॉन्सिनचा अंदाज फसला त्याचं हे एक मोठं कारण. पण गप्प बसणाऱ्याच्या मनात निराळंच असेल तर वजन लावून तरी काय करणार.

दुखणं जुनंच आहे म्हणा. 1936 ला लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने फोन डिरेक्टरी आणि गाडीवाल्यांच्या याद्यांवरून तब्बल 1 कोटी पत्रं धाडली, 20 लाखांवर उत्तरं आली, रूझवेल्टसमोर उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं आणि रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं मारली.

या निवडणुकीत आयोवा राज्यात पोल घेणाऱ्या ॲन सेल्झर बाईंचा पोल आला, हॅरिस 47 ट्रम्प 44. बाईंचं नाव मोठं, 2016 आणि 2020 ला त्यांचा अंदाज बराच जवळ गेला होता, म्हणून जगभर गाजावाजा झाला, आपल्याकडे मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. ट्रम्प तिथे 13 टक्क्यांनी जिंकले. सँपल होतं 808 लोकांचं, हे मला निकालानंतर कळलं.

तेव्हा विनंती एवढीच, चौकट चालू ठेवा पण खाली बारीक टायपात सँपल, तारखा, राज्य आणि चुकीची मर्यादा (आकडा किती टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो ते) छापा. जागा नसेल तर शेजारचा हत्ती आणि गाढवाचा, त्या दोन पक्षांच्या चिन्हांचा, फोटो काढून टाका, तो आता पाठ झालाय.

– एक जुना वाचक, डोंबिवली