तुझ्या निबंधातलं माझं सगळं काढून टाकलंय

सोन्या,

हे तोंडानेच सांगणार होते, पण तू हेडफोन काढेपर्यंत माझा धीर सुटतो आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसते, म्हणून लिहितेय. लांब होईल. तरी वाच.

परवा रात्री तू झोपल्यावर मी तुझी त्या स्कॉलरशिपच्या निबंधाची फाईल उघडली. शुद्धलेखन बघावं म्हणून उघडली, खरंच, तुझं ऱ्हस्व-दीर्घ कसं आहे ते तुलाही माहितीय. पण दोन वेलांट्या सुधारल्यावर हात थांबेना. एक वाक्य लांब वाटलं ते तोडलं, एक शब्द बरा नाही वाटला तो बदलला, आणि तासाभरात तुझ्या ६४० शब्दांचे ५९८ झाले, लिमिट ६०० ची आहे म्हणून मी स्वतःवर खूशही झाले, आणि शेवटचा पॅरा तर पूर्ण माझाच झाला. तुझ्या निबंधात तू बुद्धिबळ सोडलंस आणि परत गेला नाहीस. माझ्या निबंधात तू परत गेलास, रोज दोन तास प्रॅक्टिस केलीस आणि 'हार मानणं हीच खरी हार असते हे मला उमगलं'. उमगलं! तू जन्मात कधी हा शब्द वापरलायस का?

तुला काही कळलं नसतं असं नाही, पण कदाचित तू चालवून घेतलं असतंस, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग काल फॉर्म भरायला घेतला. शेवटच्या पानावर खाली दोन सह्या आहेत. एक तुझी, 'हा निबंध मी स्वतः लिहिला आहे' याखाली. दुसरी पालकांची, त्याच वाक्याला दुजोरा म्हणून. मी पेन उघडलं आणि तशीच बसले. नंतर पेन बंद करून भांडी लावली.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाहीये. तू लहान असताना आमच्या ऑफिसातल्या एका वारलेल्या सहकाऱ्याच्या नावाने अशीच स्कॉलरशिप सुरू केली होती, आम्हीच सगळ्यांनी पैसे काढून, आणि तीन वर्षं मी तिथे आलेले निबंध वाचायचं काम केलं. त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय होतं ते मला आतून माहितीय. नाव-शाळा झाकून नुसता नंबर टाकलेली कॉपी येते, प्रत्येक निबंध दोघं जण वाचतात, दोघांच्या मार्कांत फार फरक पडला तर तिसऱ्याकडे जातो. आशयाला इतके, मांडणीला इतके, भाषेला इतके असा तक्ता असतो. सगळं अगदी नीटनेटकं. पण खरं सांगू का, माणूस शेवटी दिवसभर काम करून आलेला असतो आणि पुढ्यात साठ निबंध असतात. चौदाव्या-पंधराव्या निबंधानंतर डोळे नुसते ओळींवरून घसरतात. 'यश म्हणजे काय?' ने सुरू होणारे दहा. कुठल्यातरी थोर माणसाचं वाक्य घेऊन सुरू होणारे वीस, त्यातली निम्मी वाक्यं त्या थोर माणसाने कधी म्हटलेलीच नसतात. आणि शेवट तर सगळ्यांचा एकच, जिद्द, चिकाटी, पंखात बळ. तेव्हा चॅटजीपीटी नव्हतं तरी ही परिस्थिती होती, आता काय असेल देव जाणे. आणि पालकांचा हात फिरलेला निबंध तर लगेच ओळखू यायचा बरं का. मधेच एकदम चाळीस वर्षांचा माणूस बोलायला लागतो.

शेवटचे दहा आम्ही त्या सहकाऱ्याच्या बायकोला वाचायला द्यायचो. पहिल्या वर्षी तिने त्यातले चार बाजूला काढले. आम्हाला वाटलं हेच आवडले असणार, कारण त्या चौघांनी त्याच्याबद्दल खूप छान लिहिलं होतं, फॉर्मवर चार ओळींची माहिती होती त्यावरून, की तो दीपस्तंभ होता, सदैव हसतमुख होता वगैरे. ती म्हणाली, हे कोणाबद्दल लिहिलंय? तो सकाळी अकरापर्यंत कोणाशी धड बोलायचा नाही. आणि आम्ही सगळे हसलो, कारण खरंच नाही बोलायचा. तिने निवडला तो निबंध एका मुलीचा होता, त्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं. आजोबांच्या ऐकायच्या मशीनची बॅटरी बदलताना त्यांच्याशी भांडण व्हायचं, एवढाच विषय. भाषेला तर मी कमीच मार्क दिले होते.

तर तुझी ही स्पर्धा. तू माहितीपत्रक वाचलंस का नीट? मीसुद्धा काल पहिल्यांदा नीट वाचलं, आधी नुसती डेडलाईन आणि रक्कम बघितली होती. ज्या मुलीच्या नावाने आहे ती शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना गेली. म्हणजे तुझ्याच वयाची. आईवडिलांनी सुरू केलीय. आणि विषय काय दिलाय, 'माझ्याकडून अर्धवट राहिलेली एखादी गोष्ट'. तिचं काय काय अर्धवट राहिलं असेल त्याची यादी ते दोघं रोज मनात करत असतील रे. आणि अशा माणसांना मी तुझ्या नावाने लिहून पाठवणार होते की हार मानायची नसते, हातात घेतलेलं पूर्ण करायचंच असतं. म्हणजे तिने काय हार मानली होती का? हे डोक्यात आलं आणि मला एकदम कानकोंडं झालं. मी उठून लगेच फाईल उघडली.

तुझा मूळ ड्राफ्ट परत आणलाय. जुनी व्हर्जन सापडते, तूच शिकवलंस मला ते. फक्त त्या दोन वेलांट्या ठेवल्यात, त्याचा राग मानू नकोस.

आणि मग तो मी पहिल्यांदा खरा वाचला, लाल पेन न घेता. तो नऊ वर्षांचा मुलगा, ज्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते आणि खेळताना तो ते हलवत होता, आणि तू बोर्डाकडे न बघता टेबलाखाली त्याच्या पायांकडेच बघत राहिलास, आणि हरलास. मला वाटायचं तुला अभ्यासामुळे वेळ नाही म्हणून क्लास सुटला. तू तेव्हा तेच सांगितलं होतंस. मी फी बुडाली म्हणून चिडचिड केली होती तेही तू लिहिलंयस (मी ते वाक्य हळूच उडवलं होतं, ते पण परत आणलंय, राहू दे). आणि शेवटी लिहिलंयस की पट अजून कपाटावर आहे, मी काढत नाही आणि कोणाला देऊनही टाकत नाही. बस. तिथे संपलंय. मला परवा हे संपलंय असं वाटलंच नाही, मी म्हटलं पोराला शेवट जमला नाही.

आम्हाला शाळेत निबंध म्हणजे घट्ट बांधलेलं असंच शिकवलं, शब्दातच 'बंध' आहे. सुरुवात, मध्य, शेवट, शेवटी सुविचार, गाठ मारली की झालं. फ्रेंचमध्ये ज्या शब्दावरून इंग्रजीतला 'एसे' आला त्याचा अर्थ मात्र नुसता प्रयत्न, करून बघणं. माँतेन नावाच्या फ्रेंच माणसाने १५८० साली आपल्या लिखाणाच्या पुस्तकाला हे नाव दिलं आणि तिथून हा प्रकार रुजला. त्याचा जिवलग मित्र १५६३ मध्ये गेला होता, अवघ्या ३२ व्या वर्षी. त्यावरही लिहिलंय त्याने. म्हणजे बघ, गेलेल्या माणसाची आठवण आणि हा लेखनप्रकार यांचं नातं अगदी सुरुवातीपासूनचं आहे, आणि मी त्याला सुविचाराची गाठ मारायला निघाले होते.

बाबांचं म्हणणं वेगळं पडतं हां. ते म्हणतात स्पर्धा आहे तर जिंकायला लिहावं, परीक्षकाला हवं ते द्यावं, त्यात काय एवढं. चूक आहेत असंही नाही, पैसे लागणारच आहेत पुढे. पण त्यांनी साठ निबंध एका बसणीत वाचलेले नाहीत.

पैशांचं निघालंच आहे तर सांगते. अशा बहुतेक स्कॉलरशिपमध्ये मूळ रक्कम मोडत नाहीत, ती ठेवून द्यायची आणि नुसत्या व्याजातून द्यायचं असतं. म्हणजे शंभर ठेवले आणि व्याज सहा टक्के असेल तर वर्षाला वाटायला सहाच. आणि महागाई पण सहा टक्क्यांनी वाढत गेली तर साधारण बारा वर्षांत त्या सहाची किंमत निम्मी होते. म्हणून जुन्या स्कॉलरशिपची रक्कम बघून हसू येतं, पण ती देणाऱ्याच्या वेळी मोठीच होती. आमच्या त्या सहकाऱ्याची तर पुढे बंदच पडली, आम्ही मूळ रक्कमच फार कमी जमवली होती. उलट जुन्या मुंबईतले दानशूर व्यापारी नाना शंकरशेट १८६५ मध्ये गेले आणि त्यांच्या नावाची संस्कृतची स्कॉलरशिप १९१२ मध्ये मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांना मिळाली, तेच जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मधे ४७ वर्षं गेली होती. नंतरही कितीतरी जणांची ओळख 'शंकरशेट स्कॉलर' अशीच करून द्यायचे, आणि त्या नावामागचा माणूस कोण हे ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल सांगता येत नाही. त्या मुलीच्या आईवडिलांना बहुतेक तेवढंच हवंय, दरवर्षी कोणीतरी फॉर्मवर तिचं नाव लिहावं. तू ते नाव एकदा चुकीचं लिहिलंयस, पहिल्याच ओळीत, शेवटचं अक्षर बघ. बाकी काही बघू नकोस पण ते बघ.

आता कामाचं. तुझा ड्राफ्ट ६४० शब्दांचा आहे, ४० तुलाच काढायचेत, मी हात लावणार नाही. अंदाजे कुठून निघतील ते मला दिसतंय पण सांगणार नाही. बरं, एवढंच सांगते, बुद्धिबळाचा इतिहास सांगणारं जे दुसरं वाक्य आहे ते तू कुठूनतरी उचललेलं वाटतं. जास्त शब्द असले तर वाचायच्या आधीच बाद करतात, आम्ही करायचो, वाईट वाटायचं पण करायचो. फाईलच्या नावात स्वतःचं नाव टाकू नकोस, नियमात आहे. रात्री बाराची डेडलाईन आहे म्हणून पावणेबाराला सबमिट करायला बसू नकोस, त्या वेळी साईट हमखास लटकते.

तुझी फाईल न विचारता उघडली त्याबद्दल सॉरी. पासवर्ड बदलायचा असेल तर बदल.

फॉर्म तुझ्या टेबलावर ठेवलाय, डिक्शनरीखाली. पालकांची सही केलीय.

आई