फार्मसिस्टच्या वेळेला मोल द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी औषधाच्या दुकानात काम करणारा फार्मसिस्ट आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला आम्ही जो वेळ देऊ, त्याचा मोबदला सार्वजनिक आरोग्यसेवेने द्यावा आणि तो कोणत्याही वस्तूच्या विक्रीवर अवलंबून नसावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात दर आठ माणसांपैकी एकाला लठ्ठपणा होता. इतक्या माणसांना दर महिन्याला डॉक्टर भेटणे शक्य नाही. आमच्याकडे मात्र रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या न्यायला तीच माणसे नियमित येतात. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब यांची नोंद ठेवायला आणि महिनोन्महिने पाठपुरावा करायला याहून सोयीची जागा कोणती?

पण आमचा खरा उपयोग औषधांच्या बाबतीत आहे. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरचे ओलान्झापिन, फिट्सवरचे व्हॅलप्रोएट अशा औषधांनी वजन वाढू शकते. रुग्णाला हे कुणी सांगितलेले नसते. तो स्वतःलाच दोष देत राहतो, नाहीतर कुणाला न सांगता गोळी बंद करतो, आणि ते जिवावर बेतू शकते. त्याची सगळी औषधे एकत्र पाहून ‘मनाने काही थांबवू नका, मी डॉक्टरांना लिहितो’ असे सांगणारा माणूस काउंटरच्या मागे उभा आहेच.

वजन घटवणाऱ्या औषधांनाही अशीच देखरेख लागते. अन्नातली चरबी शोषली जाऊ न देणारे ऑर्लिस्टॅट आणि थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन कमी मात्रेपासून हळूहळू वाढवावे लागते. मळमळ सुरू झाली की बरेच जण घाबरतात. इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना मात्रा बदलावी लागू शकते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत, उपचार थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. इंजेक्शन देऊन रुग्णाला एकटे सोडण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. लोक ही औषधे कुठून कुठून मिळवत आहेत, याची त्यावरून कल्पना यावी.

आमच्याच व्यवसायातली एक अडचण इथे सांगायला हवी. आज फार्मसिस्टची मिळकत बहुतांशी विक्रीतून येते. सल्ल्याला पैसे नाहीत, ‘स्लिमिंग’च्या डब्याला आहेत. अशा व्यवस्थेत नुसती परवानगी दिलीत, तर ही सेवा त्या डब्यांची जाहिरात होऊन बसेल, अशी मला भीती वाटते. जी दुकाने ही सेवा देतील, त्यांनी पुराव्याशिवाय वजन घटवण्याचे दावे करणारी उत्पादने विकू नयेत, ही अट घालाच. त्याला आमच्यातल्या काहींचा विरोध होईल, तरीही घाला.

डॉक्टरांचा आक्षेप असेल की निदान हे फार्मसिस्टचे काम नाही. त्यांचे बरोबर आहे. मुले, गरोदर स्त्रिया, खाण्याशी संबंधित मानसिक आजार असलेले रुग्ण, अंगावर सूज येऊन अचानक वाढलेले वजन, या सर्वांना थेट डॉक्टरांकडेच पाठवले पाहिजे, आणि आमच्या चिठ्ठीची तिथे दखल घेतली गेली पाहिजे.

दुकानात एक बंद खोली हवी. रांगेतल्या लोकांसमोर वजनकाट्यावर उभे राहायला कुणी तयार होत नाही, आणि होऊही नये. प्रशिक्षणात कसे बोलावे हेही शिकवा. ‘जरा तोंडावर ताबा ठेवा’ असे ऐकलेला माणूस पुन्हा पायरी चढत नाही. वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी रक्तदाब आणि साखर सुधारते, हे सांगितले तर तो पुढच्या महिन्यात येतो.

नियमांचा मसुदा करण्याआधी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फार्मसिस्ट यांच्याबरोबर लठ्ठपणा असलेल्या माणसांनाही चर्चेला बोलवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक फार्मसिस्ट