वाचनालयातल्या काकूंना, सगळ्यांच्या देखत

काकू, नमस्कार.

हे व्हॉट्सअपवर पाठवलं असतं तर तुम्ही हात जोडलेला एक इमोजी टाकला असता, वर "अगं त्यात काय एवढं" लिहिलं असतं आणि विषय संपवला असता, म्हणून मुद्दाम उघडं पत्र लिहितेय, म्हणजे चार लोक वाचतील आणि तुम्हाला पळता येणार नाही. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही, पण हर्णैच्या अलीकडचं ते कौलारू वाचनालय ज्यांना माहितेय त्यांना कळेलच कोण ते.

आभार बाबांसाठी आहेत. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हाला वाटलं आता मिटलं, पण मग निघालं की डोळ्याचा पडदाच खराब होत चाललाय, वयामुळे होतं ते, कडेचं दिसत राहतं पण नेमकं मधलं धूसर होत जातं आणि चष्म्याचा नंबर कितीही वाढवला तरी उपयोग नसतो. बाबांनी घरी येऊन हे आईला अर्धं सांगितलं आणि मला फोनवर पाव. मी पनवेलला, ते तिकडे, फोनवर आवाज नेहमीसारखाच. वाचनालयात जाणं चालू होतं, पुस्तक आणणं चालू होतं, मग कळणार कसं?

तुम्हाला कळलं, आणि ते रजिस्टरवरून! जाडजूड कादंबरी पंधरा पंधरा दिवस ठेवणारे गुरुजी आता दुसऱ्या दिवशीच पुस्तक परत आणतायत, "बरी आहे" म्हणतायत आणि शेवट कसा वाटला विचारलं की पावसाचं काढतायत. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. सगळ्यांसमोर तर नाहीच. मला फोन केलात आणि एवढंच विचारलंत की गुरुजींच्या डोळ्यांचं नक्की काय झालंय, खरं सांग. बाबांनी पस्तीसेक वर्षं पोरांना वाचायला शिकवलं, त्या माणसाला स्वतःला वाचता येत नाहीये हे चारचौघात म्हणणं किती जड गेलं असतं ते तुम्ही बरोबर जाणलंत.

मग ते मशीन. कुणा चाकरमान्याने गणपतीत वाचनालयाला भेट दिलेला जुना ई-रीडर, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायचं मशीन, तुमच्या कपाटात पडून होता, त्यावर इंग्रजी पुस्तकं होती म्हणून कुणी हात लावत नव्हतं. तुम्ही तो घरी नेलात, तुमच्या भाच्याला बसवून अमेझॉनचं खातं वगैरे नीट करून घेतलंत आणि सगळं पुसून त्यावर एकच पुस्तक ठेवलंत. एकच! मला हे फार आवडलं. आम्ही पोरं असतो तर हौसेने पाचशे पुस्तकं भरून दिली असती आणि बाबा त्या यादीतच हरवले असते. अक्षर इतकं मोठं केलंत की पानावर जेमतेम सहा ओळी राहिल्या, ठळक केलंत, आणि ओळी दोन्ही बाजूंनी ताणून बसवलेल्या होत्या त्या डावीकडून सरळ करून घेतल्यात कारण मोठ्या अक्षरात शब्दांमध्ये खिंडारं पडतात आणि डोळा चुकतो. आणि ती टिकली! पान उलटायला बोट कुठे टेकवायचं ते बाबांना दिसेना, जास्त दाबलं तर शब्दकोश उघडायचा आणि ते वैतागायचे, तर तुम्ही कपाळाला लावायची लाल टिकली काढून मशीनच्या उजव्या कडेला चिकटवलीत आणि म्हणालात, गुरुजी, टिकलीच्या शेजारी फक्त टेकवायचं, दाबायचं नाही. ज्यांनी हे मशीन बनवलं त्यांनाही हे सुचलं नसेल.

बाबांचा पहिला प्रश्न काय होता आठवतंय ना? "ह्यात दिवा कुठाय?" मला फोन करून तासभर पिडलं त्यांनी. मग मीच शोधून वाचलं आणि सांगितलं की बाबा, मशीनच्या पडद्याच्या आत बारीक बारीक कुप्या असतात, केसाच्या जाडीएवढ्या, त्यात काळे आणि पांढरे कण, विजेच्या भाराने कधी काळे वर येतात कधी पांढरे, आणि एकदा पान मांडलं गेलं की ते तसंच राहतं, वीज लागते ती पान उलटताना. म्हणून चार्जिंग आठवडे आठवडे पुरतं. दिवा असतो तो कडेला, तो कागदावर पडतो तसा पानावर पडतो, मोबाईलसारखा मागून डोळ्यात घुसत नाही. आता हे ते शेजारच्या पोरांना शिकवतात, खडू नसला म्हणून काय झालं.

पण तुमची खरी मेहनत पुढे होती, कारण बाबांना जे वाचायचं ते मराठीत मिळायला तर हवं. किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ह्या मशीनवर, मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली तीच डिसेंबर 2016 मध्ये, आणि अजूनही नवीन पुस्तक ई-बुकमध्ये असेलच असं नाही, बाबांच्या आवडीची जुनी तर बहुतेक नाहीतच. असतात ती स्कॅन केलेली पीडीएफ. आणि अशी पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, अक्षर मोठं केलं की पान बाहेर पळतं, मग एकेक ओळ इकडून तिकडे ओढत वाचायची. दिवाळी अंकाची पीडीएफ तर बघायलाच नको, दोन दोन रकाने, मध्ये जाहिरात, बाबांनी एकदाच उघडली आणि मशीन आईकडे दिलं. तेव्हा तुम्ही शोधून काढलंत की लेखक गेल्यावर पुढची 60 वर्षं हक्क असतो, त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी 1950 ला गेले म्हणजे त्यांचं लिखाण 2011 पासून मोकळं. आपल्या पालगडचे साने गुरुजी, आणि बाबाही गुरुजीच, म्हणून सुरुवात तिथूनच केलीत. मग हरिभाऊ आपटे. हक्क संपलेली पुस्तकं फुकट मिळतात त्या मराठी विकिस्रोतवरून टाईप केलेला मजकूर ई-पब करून, म्हणजे अक्षर मोठं करता येईल अशी फाईल करून, उतरवायचा हे तुम्ही माझ्याकडून शिकलात असं तुम्ही सगळ्यांना सांगता, पण खरं म्हणजे मी एक लिंक पाठवली होती, बाकी सगळं रात्री जागून तुम्हीच केलंत, आणि जोडाक्षरं तुटतायत का हे बघायला पहिली पंधरा वीस पानं स्वतः वाचून मगच बाबांना द्यायचात.

आणि हे सगळं करत होतं कोण, तर कागदाच्या पुस्तकांसाठी जीव टाकणारी बाई. हे मला लोकांना मुद्दाम सांगायचंय. आमच्या पनवेलच्या सोसायटीत हा वाद निघाला की लोक लगेच दोन पार्ट्या पाडतात, एक म्हणणार नव्या पुस्तकाचा वास, दुसरे म्हणणार अख्खी लायब्ररी खिशात. वासाचं बोलणाऱ्यांना मी म्हणते या एकदा ऑगस्टमध्ये आमच्याकडे. कोकणात पुस्तकाचा वास म्हणजे बुरशीचा वास हो! पावसाळ्यात कपाट उघडलं की कसर, वाळवी, फुगलेली पुठ्ठ्याची पाठ, आणि तुम्ही दर मे महिन्यात अंगणात चादरी घालून पुस्तकांना ऊन दाखवणार, वेखंड आणि कडुनिंबाचा पाला कपाटात टाकणार. गावातल्या पोरींना त्या कामाला बसवायचात, मीही त्यातलीच, आणि काम झालं की आंबा मिळायचा.

निसर्ग वादळ तर कोण विसरेल. 3 जून 2020. वाचनालयाची कौलं गेली आणि पुस्तकांवर सरळ पाऊस. वर कोरोना, वर लाईट नाही, आपल्याकडे कित्येक आठवडे नव्हती. ओलं पुस्तक दोन दिवसांत बुरशी धरतं आणि जूनमध्ये ऊन आणायचं कुठून? तुम्ही घरोघर पुस्तकं वाटलीत आणि सांगितलंत उभी ठेवा, पानं पंख्यासारखी उघडा, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घाला आणि सारखे बदला, गुळगुळीत कागदाची आधी बघा कारण ती चिकटली की सुटत नाहीत. आमच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर लावली होती. त्यांना अजून धुराचा वास येतो आणि लोक ती घेताना "वादळातलं आहे ना" विचारतात. पुढच्या वर्षी 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात भरलं, 1864 पासूनचं तिथलं वाचन मंदिरही पाण्यात गेलं, ती बातमी ऐकून तुम्ही दिवसभर जेवला नव्हतात असं आई सांगते.

त्या वादळाच्या रात्रींतली दुसरी गोष्ट मात्र माझ्या बाजूची आहे. मी तेव्हा गावीच अडकले होते, सगळ्यांचे फोन मेलेले, टॉवर पडलेला, आणि माझा ई-रीडर तेवढा चालू होता. त्याच्या उजेडात मी वाचायचे आणि आई ऐकायची. कागद भिजला आणि मशीन चाललं, हे मी तुम्हाला तेव्हा चिडवायला म्हटलं होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "चाललं ना, मग बरं झालं. पण संपल्यावर ते पुस्तक तू मला देऊ शकतेस का?" नाही देऊ शकत हे खरंच आहे. अमेरिकेत म्हणे पब्लिक लायब्ररीतून किंडलवर पुस्तक उसनं मिळतं, आपल्याकडे तशी सोय नाही. आणि 2009 मध्ये अमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेलं जॉर्ज ऑरवेलचं पुस्तक त्यांच्या किंडलवरून परस्पर उडवलं होतं, नंतर माफी मागितली, पण उडवलं. तुमच्या कपाटातून पुस्तक परस्पर गेलंच तर ते पाटलांच्या सुनेकडे असतं आणि ते सगळ्या गावाला माहीत असतं.

माझं मत मी सांगून टाकते, पटो न पटो. स्वतःपुरतं वाचायला मला आता मशीनच बरं वाटतं, खेडला गाडीतून उतरून दापोलीच्या एसटीत उभ्याने एका हाताने वाचता येतं. पण लहान पोरांची चित्रांची पुस्तकं, रेसिपीचं पुस्तक, दिवाळी अंक आणि ज्याच्यावर नंतर भांडायचंय असं कुठलंही पुस्तक कागदावरच पाहिजे. बाबांसारख्याला मात्र आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. सहा ओळींचं पान छापणार कोण?

आणि वाचतं कोण, हे विचारणाऱ्यांनी तुमच्याकडे एक दिवस बसावं. एमपीएससीची पोरं सकाळी, त्यांना फक्त टेबल आणि पंखा हवा असतो. दुपारी बायका, कादंबऱ्या आणि भयकथा, भयकथा सगळ्यात जास्त फाटतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बोटीवरची माणसं येतात, पेपर आणि जुन्या रहस्यकथा. त्यातल्या एका दादाने तुम्हाला सांगितलं ना की जाळं सांधताना हात मोकळे नसतात म्हणून तो मोबाईलवर कथा ऐकतो, आणि तुम्ही त्याचंही नाव वाचकांच्या वहीत लिहिलंत. समितीतल्या कुणीतरी विचारलं हे कसलं वाचन, तर म्हणालात गोष्ट पुरी करतो की नाही तो, मग झालं. लॉकडाऊनमध्ये शाळेत क्वारंटाईन केलेल्या चाकरमान्यांना तुम्ही खिडकीतून पुस्तकं द्यायचात आणि परत आलेली तीन दिवस वेगळ्या पेटीत ठेवायचात. हे सगळं सरकारी वर्गवारीतल्या शेवटच्या ड वर्गाच्या वाचनालयात, तिथलं मानधन किती असतं ते मी इथे लिहित नाही, वाचणाऱ्यालाच लाज वाटेल.

बाबा आता रोज दुपारी वाचतात. हळू वाचतात, पूर्वीसारखा झपाटा नाही, वैतागही होतो, मध्येच मशीन हँग होतं तेव्हा सगळा राग माझ्यावर निघतो. पण परवा फोनवर त्यांनी मला हरिभाऊंच्या एका पात्रावरून अर्धा तास ऐकवलं, शेवट धरून, आणि पावसाचं एकदाही काढलं नाही. काकू, मनापासून आभार. आई वेगळे मानणार आहे, तिचे घावन खायला जा.

आता कामाचं. तुमचं मशीन बाबा परत देत नाहीत हे दिसतंयच, म्हणून मी माझा जुना ई-रीडर गणपतीला येताना वाचनालयासाठी आणतेय. त्याला जुन्या पिनचा चार्जर लागतो, तोही देते. पलीकडच्या आळीतल्या आजींना द्यावा असं मला वाटतं पण ते तुम्ही ठरवा. सोसायटीतले लोक पुस्तकंही देतो म्हणतायत, त्यांना मी स्पष्ट सांगितलंय की जुनी गाईडं आणि दहा वर्षांपूर्वीची कॉम्प्युटरची पुस्तकं घेणार नाही, वाचनालय म्हणजे रद्दीचं दुकान नाही. तुम्हाला कुठली हवीत त्याची यादी पाठवा, भयकथा धरून.

तुमची,
गुरुजींची मुलगी