ढाळ लागले म्हणजे जंतच, असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बकरीपालनावर एक चौकट होती. बकरीला ढाळ लागले की जंताचं औषध पाजा, आणि दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला पाजत राहा, असं तीत छापलं होतं. मी इंदूरजवळ राऊला राहते, दारात सध्या लहानमोठ्या अकरा बकऱ्या आहेत. हाच सल्ला पाच वर्षांपूर्वी कुणी दिला म्हणून मी अगदी व्रतासारखा पाळला होता. त्याचं काय झालं ते सांगते.

माझी भुरी सिरोही जातीची, लांब कानांची, दुधाला चांगली. त्या श्रावणात ती कळपात मागे पडू लागली. लेंड्या मात्र सुट्या, काळ्याभोर, नजर लागावी अशा. त्यामुळे पोटाची शंकाच आली नाही. संध्याकाळी चरून आली की जबड्याखाली लिबलिबीत सूज दिसायची, सकाळपर्यंत ओसरायची. शेजारीण म्हणाली गालफुगी असेल, मी हळदीचा लेप लावला. (आमच्या ह्यांनी तेव्हाच डॉक्टर बोलवा म्हटलं होतं. हे वाक्य त्यांना छापील वाचायचं आहे म्हणून लिहिलं.) शेवटी ढोर-डॉक्टर आले. त्यांनी सूज नुसती चाचपली आणि भुरीची खालची पापणी ओढून मला दाखवली. आत चुन्यासारखं पांढरं.

बकरीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा एक जंत असतो. त्याची मादी लाल-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखी दिसते आणि दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. हा जंत सहसा ढाळ लावत नाही. तो रक्त पितो, रक्तातलं प्रथिन घटतं आणि जबड्याखाली पाणी उतरतं. भुरी त्याच रात्री गेली.

आणि त्या वर्षात तिला मी तीनदा औषध पाजलं होतं!

मग घोडं कुठं पेंड खात होतं? औषध वजनावर मोजायचं असतं, मी नजरेनं मोजत होते. भुरीच्याच अंगाची माझी दुसरी बकरी, चंपी, मी वीस किलोची धरायची. भंगारवाल्याच्या काट्याला झोळी बांधून तोलली तर ३१ किलो भरली. म्हणजे दरवेळी औषध पोटात जायचं ते दोन तृतीयांशच. अशा अर्धवट मात्रेनं कमजोर जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची सगळी प्रजा त्यांचीच होते. वर तीनही वेळा बाटली एकाच औषधाची.

आता पावसाळ्यात मी दर आठवड्याला सगळ्यांच्या पापण्या बघते, उन्हात, उजेडाकडे तोंड करून. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्यांनी यासाठी पाच रंगांचा तक्ता केला, लालपासून पांढऱ्यापर्यंत. जिची पापणी फिकट, तिलाच औषध. लाल पापणीवालीला उगाच पाजत नाही, कारण तिच्या पोटातले जंत अजून औषधाला सरावलेले नसतात, तेच पुढे कामी येतात, चिवट जंतांत मिसळून त्यांची प्रजा पातळ करतात. हे ऐकून आधी मला चक्रावल्यासारखं झालं होतं.

ढाळाची गोष्ट वेगळीच. पुढच्या वर्षी दीड-दोन महिन्यांची तीन करडं पातळ, घाणेरड्या वासाचं हगू लागली, एकाच्या शेणात रक्तही दिसलं. मी पुन्हा बाटली काढणार होते. पण लेंड्या, म्हणजे जे काय होतं ते, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. मिठाच्या दाट पाण्यात कालवून वर तरंगतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निघालं कॉक्सिडिया. तो जंत नव्हेच, एकपेशीय जीव आहे, जंताच्या औषधाला तो दाद देत नाही. औषध सल्फाचं मिळालं, पण खरा उपाय गोठ्यात होता. जमीन ओली होती आणि पाण्याची बादली खाली ठेवलेली, करडं तिच्यात पाय घालायची. दोन वाचली.

पितृपक्षात कुणी तरी प्रेमानं टोपलीभर पुऱ्या आणि भात आणून बोकडाला घातला, त्यालाही ढाळच लागले होते. आंबूस वासाचे, दात करकरा खात होता, रवंथ बंद. धान्य एकदम पोटात गेलं की आम्ल होतं. खायचा सोडा डॉक्टरांच्या सांगण्यावरून लवकर दिला तर जनावर उठतं, माझ्याकडून उशीर झाला. इथं जंताचं औषध पाजत बसले असते तरी वेळच गेला असता.

तेव्हा चौकटीत निदान एवढी दुरुस्ती छापा: गाभण राहिल्यावर पहिल्या महिना-सव्वा महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊ नये, गर्भात व्यंग येऊ शकतं. आपल्या सल्ल्यात ‘सगळ्या कळपाला’ लिहिलं होतं, त्यात गाभण बकऱ्याही आल्या. आणि पाजताना बकरीचं तोंड आभाळाकडे करू नका, औषध फुप्फुसात जातं.

सध्या मी दव वाळल्याशिवाय कळप सोडत नाही, कारण जंतांची पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात. बोरी-बाभळीचा पाला उंच टांगते, तसंही हे मान वर करून खायचं जनावर.

कळावे,
बकरीवाल्या काकू, राऊ
(नाव छापू नये, गल्लीत सगळे हेच म्हणतात)

ता. क. तपासायला लेंड्या ताज्या हव्यात, जमिनीवरून गोळा केलेल्या नकोत. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, थंड ठेवून नेते. डब्यावर खूण करून ठेवा. आमच्याकडे एकदा घोटाळा होता होता राहिला.