शनिवारच्या आत सांग

अल्फारेटा, जॉर्जिया
ऑक्टोबर 2025

प्रिय सुऱ्या,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून चिडला असशील. चीड राखून ठेव, दिवाळीत फोनवर काढ. आधी हे वाच. खेळात चुकलेल्या पोराला चारचौघांत बोलावं का, ते विचारायचंय, आणि दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नाही. इथल्या लोकांना बेसबॉल कळतो, पण आपले क्रिकेटचे सर माहीत नाहीत. तिकडे सगळ्यांना सर माहीत आहेत, पण बेसबॉलचं नाव काढलं की जांभया देतात. दोन्ही माहीत असलेला तू एकटाच.

प्रकृती सगळ्यांची बरी. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. झालं.

तर ब्रायन स्निटकरनं आमच्या अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचं मॅनेजरपद, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचं पद, सोडलं, 1 ऑक्टोबरला. सत्तरीला टेकलेला माणूस, 1977 पासून याच एका क्लबच्या पदरी. आधी खेळाडू, मग खालच्या लीगांमधल्या पोरांचा मास्तर, मग तिसऱ्या बेसवरचा कोच, 2016 मध्ये मॅनेजर, 2021 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वांत मोठं विजेतेपद. यंदा 76 विजय आणि 86 पराभव, 2017 नंतर पहिल्यांदाच प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, हुकली. मला त्याच्याबद्दल आदर आहे हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे माझं भांडण त्याच्याशीच आहे.

2019 चं तुला आठवत असेल. 18 ऑगस्ट, डॉजर्सविरुद्धचा सामना. ब्रेव्ह्जचा रॉनाल्ड अकुन्या 21 वर्षांचा. उजवीकडे उंच फटका मारला आणि होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचा फटका, समजून बघत उभा राहिला. चेंडू कुंपणावर आदळून मैदानात परत आला. आरामात दुसरा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा दुसरा थांबा, गाठता आला असता, पण गडी पहिल्यावरच अडकला. थोड्या वेळानं स्निटकरनं त्याला सामन्यातून बाहेर काढलं आणि नंतर पत्रकारांपुढे आडपडदा न ठेवता सांगितलं, तो पळला नाही. पळावंच लागतं. बाकीच्या 24 जणांची जबाबदारी तुमच्यावर असते. जर्सीवरचं पुढचं, संघाचं नाव मागच्या, स्वतःच्या नावापेक्षा मोठं. मी तुला फोनवर हे सांगितलं तर तू ओरडलास, "हा तर आपल्या सरांचा सख्खा भाऊ!" आणि पुढचा अर्धा तास आपण भांडलो.

आता या वर्षीचं ऐक. 19 एप्रिल, मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध. ब्रेव्ह्जच्याच जॅरेड केलेनिकनं तसाच उजवीकडे फटका मारला, तसाच बघत राहिला, तसाच चेंडू कुंपणावरून परत आला. उशिरा पळाला आणि दुसऱ्या बेसवर बाद झाला. म्हणजे अकुन्यापेक्षाही वाईट. तो निदान बेसवर तरी होता. केलेनिकला मात्र बाहेर काढलं नाही. पत्रकारांनी विचारलं, त्याच्याशी बोललात का? स्निटकरनं उलट विचारलं, बोलायला हवं होतं का? अकुन्या तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर संघाबाहेर होता. त्यानं एक्सवर एवढंच लिहिलं की मी असतो तर मला बाहेर काढलं असतं. नंतर ते काढूनही टाकलं. पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं, मीही.

सुऱ्या, ते एक वाक्य मला एप्रिलपासून सोडत नाही. सहा वर्षं त्या पोरानं ते मनात धरून ठेवलं होतं. मधल्या काळात तो 2023 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, एका मोसमात 40 होमरन आणि 70 बेस-चोऱ्या (फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठणं) असं कुणीच न केलेलं करून दाखवलं. तरी ती दुपार गेली नाही.

आणि आता तेच आमच्या मैदानावर झालंय. मी मुलाच्या संघाला मदत करतो हे तुला माहीत आहे. बारा वर्षांची पोरं, शरद ऋतूतली छोटी लीग, पहिल्या बेसजवळ उभा राहून "पळ, पळ" ओरडणारा तो मी. आमचा मुख्य कोच चांगला माणूस आहे. मुलांना जीव लावतो, पदरचे पैसे घालून चेंडू आणतो. सप्टेंबरात एका सामन्यात संघातल्या सगळ्यात बारक्या पोरानं जमिनीवरून सरळ शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, चेंडू मारला. बाद होणार हे दिसतच होतं, म्हणून तो अर्ध्या वाटेत थांबला. कोचनं त्याला बाकावर बसवलं आणि सगळे आईबाप ऐकतील अशा आवाजात का बसवलं ते सांगितलं. गेल्या रविवारी आमच्या सर्वांत ताकदवान पोरानं उजव्या कुंपणावर चेंडू मारला, बॅट हातात धरून बघत उभा राहिला आणि दुसऱ्या बेसवर बाद झाला. कोचनं टाळ्या वाजवल्या. "पुढच्या वेळी जाईल पलीकडे!" बस्स. बारकं पोर डगआउटमध्ये, संघाच्या बाकांवर, सूर्यफुलाच्या बिया चघळत होतं. त्यानं कोचकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

या शनिवारी कोच कामासाठी परगावी आहे, सराव माझ्याकडे. पालकांच्या ग्रुपवर दोघा-तिघांनी लिहिलंय की त्या मोठ्या पोराला सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे नियम सर्वांना सारखा हे मुलांना दिसेल. मला झोप लागत नाही. बायको म्हणते बारा वर्षांच्या पोरांचा खेळ आहे, एवढं काय. तू असं म्हणणार नाहीस.

कारण तुझा तो झेल. मंडळाची टूर्नामेंट, फायनल, लाँगऑन. पुढचं लिहीत नाही. बक्षीस समारंभात सरांनी माइकवरून तुझं नाव घेतलं. आडनावासकट. तू मान वर करून, हसतमुखानं ऐकलंस, आणि नंतर सायकलवर माझ्यामागे बसून घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. चौकातल्या भेळेपुढेही सायकल थांबवायला सांगितलं नाहीस. सुऱ्या आणि भेळ नको, तेव्हाच मी घाबरलो होतो! तू आजही म्हणतोस सर बरोबर होते, त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू मारमारून मी झेल घ्यायला शिकलो ते सरांमुळेच. मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो की तू तसाही गेला असतास त्या भिंतीकडे. झेल सुटल्यावर तुझा चेहरा मी पाहिला होता. माइकनं त्यात काहीही घातलं नाही, फक्त काढून घेतलं.

इथं एक गोष्ट मला बेसबॉलनं शिकवली. स्टेडियमच्या फलकावर धावा आणि हिट्स (बेस मिळवून देणारे यशस्वी फटके) यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो एररचा. चेंडू हातातून निसटला, फेक चुकली, की वर बसलेला अधिकृत स्कोअरर ठरवतो आणि हजारो लोकांपुढे आकडा लागतो. सकाळी छापूनही येतो. म्हणजे हाताची चूक खेळ स्वतःच जाहीर करतो. त्यावर मॅनेजरनं आणखी माइक धरायचं कारणच नाही. सरांनी केलं ते हेच होतं. तुझा झेल सगळ्या मैदानानं पाहिला होता.

पण त्या रकान्यात मावत नाही असं बरंच असतं. 2024 च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना घे. यांकीज 5-0 नं पुढे. पाचव्या डावात ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, एरर. व्होल्पेची फेक चुकली, एरर. मग दोन बाद असताना मूकी बेट्सनं पहिल्या बेसकडे हळू चेंडू मारला आणि यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल बेस सांभाळायला धावलाच नाही. बेट्स सुखरूप, आणि कागदावर ती हिट! डॉजर्सनी पाच धावा काढून बरोबरी केली, सामना 7-6 नं जिंकला आणि सिरीजही. न पळणं, बेस मोकळा सोडणं, बघत उभं राहणं, हे कुठेच लिहिलं जात नाही. ते मॅनेजरनं बोललं नाही तर कोण बोलणार? इथं मला स्निटकर पटतो. 2019 मध्ये त्यानं अकुन्याच्या हाताला दोष दिला नव्हता, पायांना दिला होता. एवढं तुला द्यायला मी तयार आहे. सरांना नाही.

बाहेर काढणं आणि बोलणं यातही फरक आहे. ब्रेव्ह्जचा जुना मॅनेजर बॉबी कॉक्स, ज्याच्या हाताखाली स्निटकर तिसऱ्या बेसवर उभा असायचा, तो आपल्या खेळाडूबद्दल पत्रकारांपुढे वाईट बोलत नसे. उलट खेळाडूंची बाजू घेऊन अंपायरशी भांडायचा. 158 वेळा मैदानाबाहेर काढला गेला, तो विक्रमच आहे. त्याच कॉक्सनं 1998 मध्ये अँड्र्यू जोन्सला डाव चालू असताना सेंटरफिल्डमधून परत बोलावलं, चेंडूमागे नीट धावला नाही म्हणून. जोन्सही 21 चा. क्युरासाओचा पोर, आणि क्युरासाओ अकुन्याच्या व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरच. त्या वर्षापासून जोन्सनं क्षेत्ररक्षणाची दहा गोल्ड ग्लव्ह बक्षिसं ओळीनं जिंकली. तू लगेच म्हणशील, बघ, फळलं! फळलं असेलही. पण शिक्षा झाली ती मैदानात, चूक झाली त्याच जागेवर, चूक ताजी असताना. आणि ज्यानं ती दिली तो एरवी त्याच पोरासाठी अंपायरच्या अंगावर धावून जाणारा होता.

उलटं बघायचं तर बॉस्टन, 2012. बॉबी व्हॅलेंटाइन नवा मॅनेजर. एप्रिलमध्येच टीव्हीवर म्हणाला की केव्हिन युकिलिस पूर्वीसारखा शरीरानं आणि मनानं खेळात दिसत नाही. युकिलिस म्हणजे दोन वर्ल्ड सिरीज जिंकलेला जुना गडी. संघातल्याच डस्टिन पेड्रोयानं पत्रकारांना सांगून टाकलं की आमच्याकडे असं चालत नाही. व्हॅलेंटाइननं माफी मागितली, पण जूनमध्ये युकिलिसला शिकागोला पाठवून दिलं, मोसम 69-93 वर संपला आणि मॅनेजर घरी गेला. पुढच्याच वर्षी नव्या मॅनेजरसह तोच क्लब विजेता झाला. माणसाच्या मनात काय आहे ते बाहेरून सांगायचं, तेही टीव्हीवर! पळला नाही हे डोळ्यांना दिसतं. मन नाही हे कुणाला दिसतं?

बिली मार्टिनचं नाव तू काढणारच, म्हणून मीच काढतो. 1977, बॉस्टनचं फेनवे पार्क, यांकीजच्या या मॅनेजरनं आपल्याच रेजी जॅक्सनला डावाच्या मध्यात बोलावून घेतलं आणि डगआउटमध्ये, देशभर टीव्ही चालू असताना, दोघं हातघाईवर आले. कोचनी मार्टिनला धरून ठेवलं म्हणून निभावलं. आणि हो, यांकीज त्या वर्षी जिंकले, शेवटच्या सामन्यात रेजीनं तीन होमरन मारले. पण रेजीनं ते मार्टिनमुळे मारले असं तू म्हणालास तर मी फोन ठेवीन. मागे एकदा ठेवला होता, तसाच.

शेवटी माझं अडतं ते इथं. एका पोराला सर्वांसमोर काढलंस की तो दिवस कायदा होतो. मग पुढच्या वेळी गप्प बसणंही सर्वांसमोर बोलणंच असतं. स्निटकरनं केलेनिकला काही म्हटलं नाही, पण अकुन्यानं ते ऐकलं. आमच्या कोचच्या टाळ्या बारक्या पोरानं ऐकल्या. मोठ्या पोराला सोडलं याचं मला तितकं नाही वाटत. बारक्याला आधी बसवलं होतं, आणि ते आता परत घेता येत नाही, याचं वाटतं. पालक म्हणतात म्हणून मोठ्याला उभं करून बोललो तर बारक्याचं काय फिटणार? एका पोराचा अपमान दुसऱ्याच्या अपमानानं भरून निघत नाही. आणि नाही बोललो तर बारकं पोर काय शिकेल ते मला दिसतं: की पळायचं असतं ते फक्त अशक्त पोरांनी.

माझ्या मनात असं आहे. शनिवारी मोठ्याला बाजूला घ्यायचं आणि एकट्याला नीट सांगायचं. बारक्यालाही एकट्याला सांगायचं की तुला सगळ्यांपुढे बोलायला नको होतं. मग सगळ्यांना एकत्र बसवून, कुणाचंही नाव न घेता, आजपासूनचा नियम: जो पळणार नाही तो पुढचा डाव बाकावर, न ओरडता, माझा मुलगासुद्धा. कोच परत आला की त्यालाही हेच, एकट्याला. तो ऐकेल असं वाटतं. पण मला खटकतंय ते हे, की बारक्याचा अपमान झाला चारचौघांत आणि भरपाई मात्र कानात. हे पुरतं का? याचं उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. सर नंतर कधी तुला एकट्याला भेटून काही बोलले होते का? हे मी इतक्या वर्षांत विचारलंच नाही. बोलले असतील तर पुरलं का ते सांग. नसतील तर काय हवं होतं ते सांग. "सर बरोबर होते" हे उत्तर नको.

तुझ्या लेकीच्या बारावीचं कळव. तिला म्हणावं फिजिक्सचं टेन्शन घेऊ नकोस, तुझ्या बापानं काय दिवे लावले होते ते काकाला विचार. वहिनींच्या बदलीचं झालं का मिरजेला? आप्पांना नमस्कार. शाळेच्या ज्या पोरांना तू रविवारी शिकवतोस त्यांचा फोटो पाठव. तो डावखुरा अजून येतो ना? भडंग मिळालं, दोन दिवसांत संपलं, शेजारच्या घरातही गेलं. आणखी पाठव.

सराव शनिवारी सकाळी नऊला आहे. तुझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. सहाच्या आत फोन कर.

तुझा,
मन्या