हॉटेलातील अपग्रेडची यादी पाहुण्यांना दिसू द्या

महोदय,

रुग्णालयांतली यंत्रे दुरुस्त करण्याच्या नोकरीमुळे वर्षातला बराच काळ माझा मुक्काम हॉटेलांत असतो. शक्यतो एकाच हॉटेल-साखळीत उतरते, ते वरच्या दर्जाच्या सभासदत्वासाठी. मॅरियट साखळीच्या बॉन्वॉय या सभासद योजनेत प्लॅटिनम दर्जा मिळवायला वर्षाला 50 रात्री काढाव्या लागतात. इतर साखळ्यांतही असेच गणित असते. बदल्यात जादा पैसे न भरता चांगली खोली, कधी सुइटही (वेगळी बैठक असलेली मोठी खोली) मिळेल, म्हणजेच अपग्रेड होईल, असे आश्वासन असते. शिल्लक असेल तर.

पण शिल्लक आहे की नाही, हे ठरवते कोण? गेल्या महिन्यात हैदराबादच्या एका हॉटेलात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आज सगळे सुइट भरलेत." त्याच वेळी माझ्या फोनवर, त्याच हॉटेलच्या ॲपमध्ये, त्याच रात्रीचा सुइट विकायला होता. मी फोन त्याच्यापुढे धरला. तो ओशाळला, आत जाऊन आला आणि हळूच म्हणाला, "तो विक्रीसाठी ठेवलाय." शेवटच्या घटकेपर्यंत खोली विकण्याचा हॉटेलचा हक्क मला मान्य आहे. मग तसे नियमांत स्पष्ट लिहा. त्या पोराला खोटे का बोलायला लावता?

अपग्रेड आधी कोणाला द्यायचे, त्या रांगेचेही तेच. अमेरिकेत हिल्टन या हॉटेल-साखळीचे ॲस्पायर क्रेडिट कार्ड घेतले की एकही रात्र न राहता वरचा डायमंड दर्जा मिळतो. मग कार्डवाला पुढे, की वर्षभर बॅग उचलून फिरणारा? माझ्या मते फिरणारा. साखळीला उलटे वाटत असेल तर खुशाल तसे ठरवावे, पण उघडपणे.

आपल्या रेल्वेत 2006 पासून अपग्रेडची योजना आहे. वरच्या वर्गात जागा रिकामी राहिली, की चार्ट बनताना संगणकच खालच्या वर्गातल्या प्रवाशाला ती देतो. टीसीच्या ओळखीचा प्रश्नच येत नाही. वेटिंगचा नंबरही पीएनआर टाकून घरबसल्या कळतो. युनायटेड ही विमान कंपनी तर अपग्रेडची यादी ॲपवर क्रमाने दाखवते. हॉटेलांनाही हे अशक्य नाही. हयात साखळीचे सुइट अपग्रेड अवॉर्ड (सभासदाला मिळणारे अपग्रेडचे कुपन) वापरले तर सुइट बुकिंगच्या वेळीच पक्का होतो.

माझी मागणी एवढीच आहे: मुक्कामाच्या दिवशी दुपारी ॲपवर माझा क्रमांक आणि अपग्रेडसाठी सोडलेल्या खोल्यांची संख्या दिसावी. नंबर खाली असेल तर साध्या खोलीची किल्ली मी विनातक्रार घेईन.

– एक वाचक, चिंचवड